उत्तरेची भिंत आणि मागच्या अंगणातला खड्डा

१२ जानेवारी

आजपासून मी चर्च दुरुस्ती समितीची चिटणीस. निवड बिनविरोध झाली. खरं तर निवड झालीच नाही. फादर म्हणाले, "कागदपत्रं कोण बघणार?" आणि समितीतले उरलेले दोघे, म्हणजे माझे बाबा आणि माझी आत्या, एकदम माझ्याकडे वळून बसले. आमच्या घरात मी पहिली पदवीधर. त्यामुळे विजेच्या बिलापासून खोकल्याच्या औषधाच्या खोक्यापर्यंत जे जे छापलेलं असेल ते वाचायचं काम माझं. त्यात आता एक चर्च वाढलं.

बिशपांच्या कार्यालयातून पत्र आलं आहे. भाषा गोड, मजकूर कडू. एकतीस ऑगस्टच्या आत दुरुस्तीला सुरुवात झाली नाही, तर आमचं चर्च कायमचं बंद. मग आम्ही तेवीस जणांनी हमरस्त्यावरच्या नव्या चर्चमध्ये जायचं. तिथले दरवाजे माणूस जवळ आला की आपोआप सरकतात. आत्या म्हणाली, "त्या दाराने मला ओळखलं नाही तर? देवाच्या घराबाहेर हात हलवत उभी राहू होय मी?"

ही डायरी बाबांना एका फरशीच्या कंपनीने भेट दिली होती. बाबा गवंडी आहेत, त्यामुळे घरात फुकटच्या डायऱ्यांना तोटा नाही. दर महिन्याला एका फरशीचं चित्र. जानेवारीची फरशी 'चकचकीत बदामी'. या पानांवर मी जे लिहीन ते खरंच लिहीन, अशी प्रतिज्ञा करते.

१५ जानेवारी

आज चर्च नव्या नजरेने पाहिलं. मुख्य दुखणं उत्तरेच्या भिंतीचं. कमरेपर्यंत ओल, त्यावर हिरवट झाक, गिलावा पापड सुटावा तसा सुटतोय. आत्याची बसायची जागा तिथेच. गेली कित्येक वर्षं ती प्रार्थनेला येताना पाठीमागे लावायला प्लास्टिकची पिशवी आणते.

बाबा दर वर्षी, न चुकता, स्वतःचं सिमेंट आणून त्या भिंतीच्या भेगा बुजवतात. पंधरा वर्षं झाली. एक पैसा घेत नाहीत. ओल दर वर्षी दोन बोटं वर चढते आणि बाबा दर वर्षी दोन बोटं वर सिमेंट मारतात. ते नसते तर ती भिंत कधीच आडवी झाली असती. निःस्वार्थ सेवा म्हणतात ती हीच.

२२ जानेवारी

विभागीय वारसा निधीच्या कार्यालयात गेले होते. दोन बसेस बदलून. तिथे सहा खिडक्या आहेत आणि त्यांतली एकच उघडी असते: खिडकी क्रमांक तीन.

मी म्हटलं, "ऐतिहासिक चर्चच्या दुरुस्तीसाठी निधी मिळतो का?"

"मिळतो."

"मग अर्ज द्या."

"आधी सल्ला घ्यावा लागतो. सल्लागाराचा अहवाल जोडल्याशिवाय अर्ज नाही."

"सल्ला कुठे मिळतो?"

"इथेच. त्यासाठी अर्ज करावा लागतो."

"मग तो अर्ज द्या."

"टोकन घेतलंय का?"

टोकन दाराशी होतं. परत येऊन उभी राहिले. माझ्या मागे कुणी नव्हतं, पुढेही कुणी नव्हतं. टोकनावर आकडा होता सत्तेचाळीस.

११ फेब्रुवारी

आजचा दिवस मोठा. सल्लागार बाई आल्या. मला वाटलं होतं कुणीतरी भारदस्त येईल; आल्या त्या चणीने आत्याहूनही लहान, पायात चिखलाचे बूट, खिशात एक छोटी हातोडी. डॉक्टर छाती ठोकून बघतात तशी त्यांनी भिंत ठोकून बघितली. कुठे 'ठण' वाजायचं, कुठे 'भद'.

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. थापीसुद्धा घासून आणली होती.

बाईंनी विचारलं, "हे सिमेंट कुणी मारलं?"

बाबांनी तोंड उघडायच्या आत मीच पुढे झाले. "माझ्या बाबांनी! पंधरा वर्षं! फुकट!"

बाईंनी हातोडी खाली घेतली. मग हळू आवाजात समजावून सांगू लागल्या. ही भिंत दगड आणि चुन्याची. चुन्यातून ओल बाहेर पडते, भिंत वाळते. सिमेंट ओलीला कोंडून ठेवतं. "रबरी रेनकोट घालून धावलं की माणूस आतून भिजतो ना, तसं झालंय हिचं. बाहेरचं पाणी थांबलं, आतलं वर चढत राहिलं." सगळं सिमेंट छिन्नीने काढायचं आणि दगडांमधल्या फटी, म्हणजे दर्जा, चुन्याने भरायच्या. चुन्याचं काम जाणणारा गवंडी मात्र या भागात आता उरलेला नाही म्हणाल्या. मी लिहून घेतलं: बाहेरून आणावा लागेल.

बाबा म्हणाले, "बघू ती हातोडी." आणि जिथे जिथे त्यांनी सिमेंट मारलं होतं तिथे तिथे एकेक करून ठोकून पाहिलं. एकही जागा विसरले नाहीत. सगळीकडे 'भद'. मग हातोडी परत दिली, म्हणाले, "दूध आणायचंय," आणि निघून गेले.

आमच्याकडे दूध सकाळीच येतं.

मला वाटतं, मी 'फुकट' हा शब्द वापरायला नको होता. बाबांना फुशारकी आवडत नाही.

१८ फेब्रुवारी

अहवाल आला, अर्जही मिळाला. अठ्ठावीस पानं. कलम चार: इमारतीचं वय. दारावरच्या दगडात साल कोरलंय, पण चारपैकी तिसरा आकडा झिजून गेलाय. आत्या म्हणाली, "शून्य लिही. जितकं जुनं तितकं बरं." मी ठाम नकार दिला. '१८०४ ते १८९४ यांच्या दरम्यान' असं लिहिलं. सत्य थोडं लांबलचक असतं, त्याला इलाज नाही.

कलम नऊ: इमारतीचं समाजातलं स्थान, पाचशे शब्दांत. मी अकराशे लिहिले. मानवी संस्कृतीपासून सुरुवात केली होती. आत्याला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "पदवीबाई, यात आपलं चर्च कुठल्या पानावर येतं?"

"शेवटच्या परिच्छेदात."

"मग मी सांगते ते लिही. माझं लग्न इथं झालं. नवरा तीन महिन्यांनी पळाला, तोही रविवारी, मी इथं बसले असताना. त्यानंतर तीस वर्षं दर रविवारी सकाळी मी हे दार उघडते, कारण किल्ली माझ्याकडे आहे. कुणीतरी माझ्यावर सोपवलेली ती एकच वस्तू. झालं. किती शब्द भरले?"

सगळं लिहिलं. माझे अकराशे काढून टाकले.

२४ फेब्रुवारी

कलम सतरा: 'यापूर्वी झालेल्या अयोग्य दुरुस्त्या व त्या करणाऱ्याचे नाव.'

मी लिहिलं: अज्ञात.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर अर्ज पसरला होता. बाबा चहा घ्यायला आले, चष्मा लावला आणि बोट ठेवून वाचू लागले. बाबांचं वाचन सावकाश असतं, पण सुटत काही नाही.

"अज्ञात म्हणजे कोण?"

"म्हणजे... माहीत नाही असा."

"मला तर माहीत आहे."

"बाबा, तुम्ही चांगल्या हेतूने केलंत. हेतूचं कलम नाहीये यात."

"नाव लिही."

"पण..."

"पोरी, काम चुकलं म्हणून ते मी केलं नाही असं होतं का? लिही."

मी लिहिलं. आजवर बाबांचं नाव मी फॉर्मात खूपदा लिहिलंय, पण नेहमी माझ्या नावाखालच्या चौकटीत. आज पहिल्यांदा ते एकटं होतं, आणि ते या कलमात. आई ओट्याशी पाठ करून उभी होती. कांदा चिरत होती म्हणे. कांदे टोपलीतच होते.

२६ फेब्रुवारी

बाबांनी मागच्या अंगणात खड्डा खणायला घेतलाय. चांगला कमरेइतका. मी विचारलं, कशासाठी? म्हणाले, "खड्डा आहे." आईला विचारलं तर म्हणाली, खतासाठी. आत्याला विचारलं तर म्हणाली, "मासे पाळतोय दादा." या घरात एकवाक्यता कधी येणार?

४ मार्च

सकाळी मागच्या अंगणातून इतकी वाफ आली की दोरीवरची चादर दिसेना. बाहेर गेले तर बाबा खड्ड्यात पाणी ओतत होते आणि खड्ड्यात पांढऱ्या दगडांची पोती रिकामी केलेली. सगळं खदखदत होतं. "हे काय?" तर म्हणे, "पाणी तापतंय." इथे एका वास्तूचं भवितव्य टांगणीला लागलंय आणि घरच्यांना हे उद्योग सुचतात. माझ्या चांगल्या चादरीवर पांढरे ठिपके पडले ते वेगळंच.

नंतर खिडकी क्रमांक तीन. नकाशाची प्रत उभी हवी, मी आडवी नेली होती. तो माणूस जन्मला तेव्हासुद्धा त्याने आधी आपल्या आईला टोकन घ्यायला लावलं असेल.

१९ मार्च

आता माझ्या लक्षात आलंय आणि मन अगदी खट्टू झालंय. बाबांच्या शर्टाला, चपलेला, भुवयांना पांढरे डाग. बोटांना चिरा पडल्यात, आई रोज तेल चोळते. गेले पंधरा दिवस ओळंबा खुंटीवरच टांगलेला आहे. बाबांनी गवंडीकाम सोडलं. लोकांच्या भिंतींना पांढरा रंग द्यायला जातात आणि तो त्या खड्ड्यात कालवतात. तीस वर्षांची कला माणसाने अशी टाकावी, आणि कशामुळे? माझ्या एका कलम सतरामुळे.

२ एप्रिल

आज धीर करून बाबांशी बोलले. म्हटलं, "बाबा, कुठलंही काम हलकं नसतं. रंग देणं हीसुद्धा समाजाची सेवाच आहे. मला तुमचा अभिमान आहे."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं."

आत्या तोंडात पदर कोंबून बाहेर गेली. तिलाही भरून आलं असावं.

२८ एप्रिल

अर्ज दिला! अठ्ठावीस पानं आणि परिशिष्टं अ, ब, क. खिडकी क्रमांक तीनने एकेक पान मोजलं आणि म्हणाला, "कळवू." एप्रिलची फरशी 'संगमरवरी भास'.

१७ मे

कळवलं नाही.

३ जून

अजून नाही. खड्ड्यावर बाबांनी जुना दरवाजा झाकण म्हणून टाकलाय. रोज सकाळी तो उचलून आत डोकावतात, थोडं पाणी घालतात, काठी फिरवतात आणि परत झाकतात. पाळण्यातलं बाळ बघावं तसं. रंगाची इतकी काळजी घेणारा रंगारी मी पाहिला नाही.

९ जुलै

मंजूर! मंजूर! मंजूर! फादरांनी पत्र दोनदा वाचायला लावलं. मग तिसऱ्यांदा मी स्वतःहून वाचलं आणि तेव्हा दुसरं पान दिसलं.

अटी. एक: काम एकतीस ऑगस्टच्या आत सुरू व्हावं. दोन: काम चुनाकामाचा अनुभव असलेल्या गवंड्याकडूनच व्हावं. त्याचं नाव कलम एकतीसमध्ये भरून द्यावं. मी ते कोरं सोडलं होतं. तीन: चुना भिजवून किमान तीन महिने मुरवलेला असावा.

आज नऊ जुलै. आज भिजवला तरी ऑक्टोबर उजाडेल. चुना विकणाऱ्या तीन ठिकाणी फोन केले. पहिला म्हणाला, चार महिने थांबा. दुसरा म्हणाला, पाच. तिसरा हसला.

अर्ज करताना हे मी विचारायला हवं होतं. अठ्ठावीस पानं भरली आणि हा एक प्रश्न विचारला नाही. पदवीचा कागद बाबांनी चौकट करून भिंतीवर लावलाय, तो आज उतरवून कपाटात ठेवावासा वाटतोय.

१० जुलै

समितीची बैठक. मी उभी राहून अटी वाचल्या आणि राजीनामा देते म्हणाले. फादरांनी चष्मा पुसला. त्यांना बोलायचं नसलं की ते चष्मा पुसतात. बाबा खाली बघत होते. आत्या आधी खाकरली, मग पुन्हा खाकरली, आणि शेवटी तिने बाबांना कोपर मारलं.

"दादा, आता बोलतोस की मी बोलू?"

बाबा म्हणाले, "आहे."

"काय आहे?" फादर म्हणाले.

"चुना. मुरलाय बहुतेक. नीट बघितल्याशिवाय छातीठोक सांगत नाही."

मी म्हटलं, "कुठे आहे?"

आत्या म्हणाली, "पदवीबाई, रोज तुझी चादर कुठे वाळत घालतेस गं?"

१२ जुलै

सल्लागार बाई आमच्या मागच्या अंगणात. बाबांनी दरवाजा बाजूला केला. वरचं पाणी काढलं. खाली पांढराशुभ्र, लोण्यासारखा चुना. बाईंनी बोटांत घेऊन चोळला, थापीवर घेऊन थापी उलटी केली. पडला नाही. त्यांनी बूट काढले आणि अंगणात खाली बसल्या.

"कुठे शिकलात?"

"माझा बाप हेच करायचा," बाबा म्हणाले. "मी पोरगा होतो तेव्हा चुना तुडवायचो. मग सिमेंट आलं. एका दिवसात घट्ट. लोक म्हणाले तेच हवं, मलाही तेच भारी वाटलं. चर्चला भारीतलं द्यावं म्हणून ते मारलं."

"मग हे सांगितलं का नाहीत? त्या दिवशी मी तुमच्यासमोर म्हणाले, असा गवंडी उरला नाही."

बाबांनी हात पुसले. "चाळीस वर्षांत भिजवला नव्हता. जमेल की नाही, कुणाला ठाऊक? एकदा नाव चुकीच्या रकान्यात गेलं होतं. दुसऱ्यांदा जायला नको."

मी चादरीआड उभी होते. तिच्यावर अजून मार्चातले ठिपके आहेत. आईने ते मुद्दाम घासले नाहीत असं आता वाटतं.

बाई म्हणाल्या, "चुना उत्तम आहे. पण निधीला लेखी पुरावा लागेल, कुठल्या तारखेला भिजवला याचा."

बाबांचा चेहरा उतरला. पावती नाही. पोती भट्टीवरच्या ओळखीच्या माणसाने दिली होती. तारीख कुणी लिहून ठेवणार? असल्या गोष्टी कोण लिहून ठेवतं?

मी घरात पळाले.

१३ जुलै

ही डायरी पहिल्यापासून वाचली. दूध. कांदा. ओळंबा. "बरं." सगळं मीच लिहिलंय, आणि ते वाचणारी मी आज पहिली. आत्याला भरून आलं नव्हतं, एवढं तर आता नक्की कळलं.

१५ जुलै

चार मार्चच्या पानाची प्रत घेऊन खिडकी क्रमांक तीन. वरचा परिच्छेद पुराव्याचा. खालचा, अरे देवा, त्याच माणसाच्या जन्माचा. खालचा भाग मी कागदाने झाकून प्रत काढली होती.

"अर्धं पान चालत नाही," तो म्हणाला. "मूळ आणा."

मूळ माझ्या पिशवीतच होतं. दिलं. त्याने वाचलं. वरचा परिच्छेद वाचला, मान डोलावली. खालचा वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, पुन्हा वाचला. माझे कान इतके तापले की त्यात चुना भिजला असता.

शेवटी म्हणाला, "आईला विचारावं लागेल."

मग पूर्ण पानाची प्रत काढून त्यावर शिक्का मारला: परिशिष्ट ड. नंतर फाईल चाळता चाळता थांबला.

"कलम सतरा, अयोग्य दुरुस्ती करणारा. कलम एकतीस, चुनाकामाचा गवंडी. दोन्हीकडे एकच नाव लिहिलंय तुम्ही. चूक झालीय."

"चूक नाही," मी म्हटलं. "तोच माणूस आहे."

त्याने माझ्या नावाची चौकट बघितली, मग पुन्हा ती दोन कलमं. शिक्का मारला. निघताना मागून हाक मारली. "मार्चची ती फरशी कुठे मिळते हो?"

२८ ऑगस्ट

सकाळी आठला आत्याने दार उघडलं. फादरांनी छोटी प्रार्थना केली, छोटी म्हणजे त्यांच्या मानाने. मग बाबांनी छिन्नी घेतली आणि सगळ्यात वरचं, म्हणजे गेल्या वर्षीचं, आपलंच सिमेंट फोडलं. मग त्याखालचं. प्रत्येक थराला त्यांना साल आठवत होतं. "हे आत्याच्या पायाचं हाड मोडलं त्या वर्षीचं. हे तुझी दहावी झाली तेव्हाचं." आत्या ओरडत होती, "दादा, आठवणी बाहेर काढ, धूळ माझ्या बाकावर नको!"

दुपारपर्यंत हातभर भिंत उघडी झाली. आतले दगड काळेभोर ओले होते. बाबांनी त्यावर तळहात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग म्हणाले, "घ्या, आता मोकळा श्वास घ्या." भिंतीला अहो-जाहो करताना मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं.

पहिली दर्ज त्यांनी भरली. दुसरी भरायला थापी माझ्या हातात दिली. माझी वाकडी आली. बाबांनी ती पुसली नाही.

हात धुताना म्हणाले, "पोरी, आजची तारीख लिहून ठेव. पुढे कुणाला तरी लागेल."

अठ्ठावीस ऑगस्ट. लिहिली.